रानवाट आणि प्रवचन

मराठी ख्रिस्ती नियतकालिकांतून निसर्गावर जे ललित लेखन होते, त्याचा साचा आता इतका रूढ झाला आहे की लेखाचे पहिले वाक्य वाचताच शेवटचे सांगता यावे. लेखक पहाटे रानात जातो. 'एक पक्षी' कुठेतरी गात असतो, 'एक इवलेसे फूल' दवबिंदूंनी न्हालेले असते, 'एक डेरेदार वृक्ष' वाटसरूंना सावली देत उभा असतो. दुसऱ्या परिच्छेदात लेखकाचे मन भरून येते. तिसऱ्यात पक्षी निश्चिंततेचा, फूल नम्रतेचा आणि वृक्ष परोपकाराचा धडा देऊ लागतो, आणि चौथ्यात निर्मात्याचे स्तवन होऊन लेख संपतो. पक्षी कोणता, फूल कशाचे, महिना कोणता, वृक्ष साग होता की ऐन, याची वास्तपुस्त लेखकाने केलेली नसते; वाचकही ती करीत नाही.

या लेखनामागच्या भक्तिभावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्यातील पाहण्याविषयी. एखाद्या चित्रकाराच्या प्रदर्शनाला जावे, भिंतीवरच्या चित्रांकडे पाठ करून उभे राहावे आणि तासभर चित्रकाराचे गुणगान करावे, तशातला हा प्रकार आहे. चित्रकाराला असली स्तुती रुचेल काय? 'सृष्टी हा देवाचा ग्रंथ आहे' हे वाक्य आपण प्रवचनांतून लहानपणापासून ऐकत आलो. पण ग्रंथ म्हटला की त्याची लिपी शिकावी लागते, अक्षर लावावे लागते, अडलेल्या शब्दापाशी थांबावे लागते. ते न करता थेट तात्पर्याच्या पानावर उडी मारण्याची सवय आपल्या लेखणीला लागली आहे, आणि ती धर्मभावनेपेक्षा आळसातून आली असावी असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

रानवाटेने गुपचूप चालणारे आणि पाहिलेले नेमके लिहिणारे तीन लेखक मराठीला विसाव्या शतकात लाभले: दुर्गा भागवत, व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली. तिघेही ख्रिस्ती नव्हेत आणि तिघांपैकी कोणी धर्मोपदेशासाठी लेखणी उचलली नाही. तरीही आपल्या धर्मग्रामांतील वाचकांनी त्यांच्याकडे वळावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी निवर्तले, तेव्हा वृत्तपत्रांनी 'अरण्यऋषी' म्हणून त्यांचा गौरव केला. गौरव योग्यच होता. मात्र ऋषी म्हणून हात जोडले की लेखक म्हणून वाचण्याची जबाबदारी टळते. ती येथे टाळायची नाही.

दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांवरचे बारा लेख, एवढीच त्याची बांधणी. हे पुस्तक घनदाट अरण्यातले नव्हे. मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्या, सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या एका विदुषीने झाडे, आकाश, पाखरे यांच्याकडे वर्षभर लक्ष ठेवून केलेली ती नोंद आहे. संस्कृत काव्य आणि लोककथा दोन्ही त्यांच्या जिभेवर होती. कधीकधी हा व्यासंग झाडाच्या पुढे येऊन उभा राहतो, हेही नमूद केले पाहिजे. पण तो फार वेळ तेथे थांबत नाही. दुर्गाबाईंनी मराठी गद्याला दिलेली मोठी देणगी म्हणजे काळाचे भान. झाड ही त्यांच्या लेखी उभी असलेली वस्तू नसते. ती घडत असलेली घटना असते. पालवीचा रंग आठवड्या-आठवड्याने पालटतो, मोहर झडतो, फळ धरते, साल सुटते. पाहणारा एकदाच येऊन गेला तर त्याला यातले काही दिसत नाही. म्हणून 'एक डेरेदार वृक्ष' असे लिहिणाऱ्याने झाड फक्त एकदा पाहिलेले असते, असे खुशाल समजावे.

आपल्यापाशीही एक वर्षचक्र आहे: आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर. ते आपण युरोपातून आलेल्या ऋतुप्रतिमांसह जसेच्या तसे घेतले. ईस्टरच्या अंकात अजूनही हिवाळा संपून बहरलेल्या बागा आणि पांढऱ्या लिली येतात. वास्तविक सह्याद्रीच्या पायथ्याशी राखेच्या बुधवारच्या सुमारास रानात पाहण्यासारखे काय असते? पानगळ चालू असते, पायाखाली सागाची पाने पापडासारखी वाजतात, आणि त्याच निष्पर्ण रानात पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेली असतात. अंगावर पान नसताना फुलण्यात या झाडांचा हिशेब असतो. लालभडक फुले लांबून दिसतात, त्यांतल्या मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल, पोपट यांची झुंबड उडते, आणि पाखरांच्या चोचींना व डोक्यांना लागून पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. पुढे पवित्र आठवडा येईतो कुसुंबाला तांबडीलाल पालवी फुटते. लांबून पाहणाऱ्याला ती फुलेच वाटतात. मृत्यू आणि जीवन यांचे जे नाते आपण त्या चाळीस दिवसांत चिंतितो, त्याचे एवढे उघड चित्र दाराशी असताना आपण परदेशी लिलीकडे का धावावे? दुर्गाबाईंच्या पद्धतीने कोणी आपले उपासनावर्ष लिहील, तर ते मराठीत नवे पुस्तक होईल.

चितमपल्लींचा मार्ग वेगळा. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने आयुष्याची साडेतीन दशके वनखात्यात काढली. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कर्मभूमी. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'रातवा', 'निसर्गवाचन' ही त्यांच्या पुस्तकांची नावे आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहेत. त्यांच्या गद्याचा प्राण नामांत आहे. त्यांच्या पानावर 'एक पक्षी' सहसा येत नाही. त्याला नाव असते, आणि ते नाव कोणाकडून मिळाले तेही कळते: एखाद्या गोंडाकडून, ढिवराकडून, पारध्याकडून. जेथे नाव नव्हते तेथे त्यांनी घडवले. कावळ्यांच्या सामूहिक वसतिस्थानाला 'काकागार' आणि बगळ्या-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' हे त्यांचे शब्द आज पक्षिनिरीक्षकांच्या तोंडी रुळले आहेत.

नावाला एवढे महत्त्व का, असा प्रश्न कोणी विचारील. उत्पत्तीच्या पुस्तकात देव पशुपक्ष्यांना आदामापुढे आणतो, ते तो त्यांना काय नावे देतो हे पाहण्यासाठी. मनुष्याला सोपवलेल्या पहिल्या कामांपैकी ते एक आहे. नाव ठाऊक झाल्यावाचून फरक दिसत नाही. ऐन ज्याला ठाऊक नाही त्याला सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली ती साल सागाच्या शेजारी उभी असूनही दिसत नाही, आणि पानाच्या मागे देठाजवळ असलेल्या त्या दोन बारीक गाठींवर त्याचे बोट कधीच फिरत नाही. कांडोळ ज्याला ठाऊक नाही त्याला संधिप्रकाशात तिचे पांढुरके खोड पाहून नुसते दचकायला होते. ज्यांनी तिला 'भुत्या' म्हटले तेही दचकलेच असतील. पण त्यांनी दचकण्याला नाव दिले आणि झाड ओळखीचे केले.

'निसर्गवाचन' हे शीर्षक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आपल्या प्रवचनांतल्या 'सृष्टिग्रंथा'चेच ते भावंड वाटते. पण चितमपल्लींचे वाचन अक्षरओळखीपासून सुरू होते. ओल्या मातीवरच्या ठशात नखे उमटली आहेत का? उमटली असतील तर ते कुत्र्याच्या कुळातले जनावर असण्याचा संभव अधिक. वाघ-बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात. ठशाची कड तीक्ष्ण आहे की ढासळलेली? त्यावरून वेळ कळते. झाडावरचे वानर खालच्या झुडपाकडे पाहून खॅक्-खॅक् करू लागले, आणि खाली त्यांनी पाडलेला पाला खाणाऱ्या चितळांनी माना उंचावून शेपट्या ताठ केल्या, तर त्या झुडपात कोण असावे? असे वाचन करणाऱ्याला तोंड बंद ठेवून चालावे लागते. माणूस रानात शिरला की रान प्रथम गप्प होते. तो एका जागी निमूट बसला की ते हळूहळू पुन्हा बोलू लागते. आधी सातभाई, मग तांबटाची एकसुरी टुकटुक, मग बाकीचे. आपल्या धर्मग्रामांच्या सहली ध्वनिक्षेपकासह रानात जातात आणि निसर्गाच्या सान्निध्यात प्रार्थना झाली असे वृत्तांत येतात, त्या संयोजकांनी हे एकदा करून पाहावे. आध्यात्मिक साधनेच्या दिवसांत आपण मौन पाळतो. त्या मौनाची किंमत आपल्याला परकी नाही.

तथापि चितमपल्ली निर्दोष नाहीत. त्यांच्या लेखनात स्वतः पाहिलेले, कोणाकडून ऐकलेले आणि जुन्या पोथीत वाचलेले या तिन्ही गोष्टी एकाच ओघात येतात, आणि त्यांच्यामधली सीमा पुष्कळदा पुसलेली असते. एका परिच्छेदात डोळ्यांपुढे घडलेली पक्ष्याची सवय, पुढच्यात आदिवासींचा समज, त्यापुढे संस्कृत ग्रंथातील विधान. वाचकाने यातले काय तपासून घ्यावे आणि काय कथा म्हणून ऐकावे, हे लेखक सांगत नाही. काहींना यातच त्यांची मोहिनी वाटते. मला तेथे त्यांचे गद्य सैल झालेले दिसते. लोककथा मोलाची आहे. परंतु तिला निरीक्षणाचा पोशाख चढवला की दोघींचेही नुकसान होते. श्रद्धा आणि पुरावा यांची गल्लत आपल्याकडेही कमी होत नाही, म्हणून ख्रिस्ती वाचकाने हा दोष विशेष जागरूकतेने पाहावा.

माडगूळकरांकडे वळण्यापूर्वी आपल्याच परंपरेतल्या एका कवीची आठवण केली पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना महाराष्ट्राने 'फुलामुलांचे कवी' म्हटले. ते आपल्या मंडळीतले नसले तरी मराठी ख्रिस्ती साहित्याचे ते आद्य मानकरी आहेत. 'वनवासी फूल' या दीर्घ काव्यात त्यांनी रानातल्या फुलाशी संवाद मांडला, आणि 'केवढे हे क्रौर्य' या कवितेत घायाळ पक्षिणीची व्यथा सांगून कित्येक पिढ्यांतील शाळकरी मुलांचे डोळे ओले केले. ती करुणा खरी आहे. पण टिळकांचे फूल माणसासारखा विचार करते आणि त्यांची पक्षिणी मानवी मातेच्या काळजाने मरते. आपल्या नियतकालिकांतील साचेबंद निसर्गलेखन हे या परंपरेचे पातळ झालेले रूप आहे. टिळकांपाशी प्रतिभा होती म्हणून रूपकात जीव आला. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती नुसते रूपक उरले. शिवाय 'केवढे हे क्रौर्य' मध्ये क्रौर्य माणसाचे आहे. रानाच्या आतल्या क्रौर्याविषयी काय म्हणावे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

तो प्रश्न माडगूळकरांनी मराठी वाचकापुढे ठेवला. विदर्भातील नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम ठोकून त्यांनी 'नागझिरा' लिहिले. माडगूळकर चित्रकारही होते, आणि त्यांच्या गद्यात चित्रकाराची काटकसर आहे. वाक्ये आखूड. विशेषणे मोजकी. जनावर कसे वळले, कान कोणत्या दिशेला केले, पाणी पिताना किती वेळा मान वर केली, एवढेच ते सांगतात आणि पुढे जातात. त्यांना काय वाटले हे विचारायला वाचक थांबला तर लेखक पुढच्या वळणावर पोहोचलेला असतो. चितमपल्लींच्या पानांवर माहितीची समृद्धी आहे, माडगूळकरांच्या पानांवर शांतता. गुपचूप चालण्याचा अनुभव शब्दांत उतरवण्याच्या बाबतीत, माझ्या मते, तिघांत तेच श्रेष्ठ ठरतात.

त्यांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळीविषयी आहे. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांना नावे दिलेली असली तरी पंचतंत्रातील प्राण्यांसारखे ते नीतीच्या गोष्टी बोलत नाहीत. टोळीचा म्होरक्या म्हातारा होतो, बाहेरचा नर चाल करून येतो, टोळी जिंकतो, आणि अंगावर पिणाऱ्या पिलांना ठार मारतो. हे लेखकाच्या कल्पनेतले क्रौर्य नव्हे. १९६०च्या दशकात धारवाडजवळ वानरांचा अभ्यास करणाऱ्या सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने असे प्रकार नोंदवले, आणि पुढे अबू व जोधपूर येथील अभ्यासकांनाही ते आढळले. पिलू गेले की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि नव्या म्होरक्याचा वंश वाढतो, हे त्याचे बहुतेक अभ्यासकांना पटलेले कारण. माडगूळकर हे सारे सांगतात आणि कोणाला दोष देत नाहीत, कोणाची वकिलीही करीत नाहीत.

या कादंबरीपाशी आपला चौथ्या परिच्छेदातला स्तुतिपाठ अडखळतो. पिलाला छातीशी धरून फांदीवरून फांदीवर झेपावणारी वानरी पाहून 'पाहा, देवाने मातेचे हृदय कसे घडवले' असे लिहिणे सोपे आहे. त्याच फांदीखाली दुसऱ्या दिवशी मेलेले पिलू दिसले तर काय लिहावे? साचेबंद लेखक ते पाहत नाही; पाहिले तरी लिहीत नाही. म्हणजे स्तुतीच्या सोयीसाठी सृष्टीतला अर्धा भाग गाळला जातो. हा दोष केवळ शैलीचा मानता येणार नाही. आपल्या मुलांपैकी जी विज्ञान शिकतात त्यांना हा गाळलेला अर्धा भाग महाविद्यालयात भेटतो, आणि मग त्यांना वाटू लागते की श्रद्धा ही अर्धवट पाहणाऱ्यांची गोष्ट असावी. आपल्या नियतकालिकांनी या मुलांना हातात काय दिले?

पवित्र शास्त्र मात्र एवढे भित्रे नाही. त्यात प्राण्यांकडे पाहण्याच्या दोन रीती आढळतात. नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडे धाडले आहे: तिच्याकडून उद्योग शिकावा. ही धड्याची रीत. तिची उपयुक्तता नाकारता येत नाही, आणि आपण सारे तिच्यावरच वाढलो. पण ईयोबाच्या पुस्तकात, दुःखाने पिचलेला ईयोब जेव्हा देवाला जाब विचारतो, तेव्हा वादळातून आलेल्या उत्तरात सांत्वन नाही, स्पष्टीकरण नाही आणि धडाही नाही. तेथे प्राण्यांची मिरवणूक आहे. सिंहीण आणि तिची भुकेली पिले, कावळा, कड्यांवर विणारी रानबकरी, कोणाची वेसण न मानणारे रानगाढव, अंडी मातीत टाकून निघून जाणारी शहामृगी, उंच सुळक्यावरचा गरुड. यांतले बहुतेक मनुष्याच्या कोणत्याही उपयोगाचे नाहीत. शहामृगी तर आपल्या पिलांशी निष्ठुर वागते असे तेथे साफ म्हटले आहे, आणि गरुडाची पिले रक्त पितात हेही. देव त्यांची सारवासारव करीत नाही. ती आहेत, त्याच्या देखरेखीखाली आहेत, आणि ईयोबाला ती ठाऊक नाहीत, एवढेच सांगितले जाते. रानबकरी केव्हा विते हे तुला ठाऊक आहे काय, हा प्रश्न एखाद्या वनाधिकाऱ्याने उमेदवाराला विचारावा इतका नेमका आहे. 'सत्तांतर' वाचून अस्वस्थ झालेल्या ख्रिस्ती वाचकाने नीतिसूत्रांकडे न जाता ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायापासून पुढे वाचावे. उत्तर तेथेही मिळत नाही. पण न गाळता पाहण्याची परवानगी मिळते, आणि ती देणारा स्वतः निर्माताच असतो.

येथे कोणी डोंगरावरील प्रवचनाचा दाखला देईल. प्रभू येशूने पाखरे आणि रानफुले दाखवून चिंता न करण्याचा धडा दिलाच ना? दिला. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात फुलांविषयी जे ग्रीक क्रियापद योजले आहे त्याचा अर्थ नुसती नजर टाकणे असा होत नाही. बारकाईने पाहून शिकून घेणे, असा होतो. फुले कशी वाढतात हे शिकायचे आहे, आणि त्यानंतर शलमोनाच्या वैभवाशी तुलना. जुन्या मराठी अनुवादकांनी त्या फुलांना 'भूकमळे' म्हटले. शब्द गोड आहे. मात्र ती नेमकी कोणती फुले यावर विद्वानांचे एकमत नाही; गालीलच्या टेकड्यांवर वसंतात उमलणारी तांबडी अॅनिमोनी असावीत असे अनेकांना वाटते. जो श्रोता त्या टेकडीवर बसला होता त्याला ती ओळखीची होती, आणि धडा त्या ओळखीवर उभा होता. आपल्या श्रोत्याला भूकमळ म्हणजे काय हे माहीत नाही आणि दाराशी फुललेला कुडाही माहीत नाही.

असिसीच्या संत फ्रान्सिसचेही असेच झाले आहे. पाखरांना उपदेश करणारा संत म्हणून आपण त्याची चित्रे लावतो. १२२५ च्या सुमारास रचलेल्या त्याच्या सृष्टिगीतात मात्र एकही पशू वा पक्षी नाही. सूर्य, चंद्र, तारे, वारा, पाणी, अग्नी आणि फळाफुलांसह पृथ्वी आहे. हे लक्षात आले की पुढचा तपशील अधिक बोलका वाटतो. मठाच्या बागेचा एक भाग न खुरपता तसाच सोडावा, म्हणजे रानातली फुले व वनस्पती तेथे आपोआप उगवतील, असे त्याने सांगितले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात तो मुद्दाम उद्धृत केला, आणि इतर जीवांना केवळ माणसाच्या उपयोगापुरते नव्हे तर स्वतःचे मोल आहे हेही स्पष्ट केले. परिपत्रकावर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ झाले. न खुरपलेला कोपरा किती चर्चच्या आवारात आहे, ते ज्याचे त्याने पाहावे. बहुतेक ठिकाणी फरशी दिसते.

वास्तविक न गाळता पाहण्याची परंपरा आपल्या घरातच होती. ती साहित्यात उतरली नाही, इतकेच. स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतींचा जो शुष्कसंग्रह उभारला तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांच्यानंतरचे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे मूळचे स्पेनचे. ते भारताचे नागरिक झाले, १९५४ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्उभारणीत त्यांनी प्रमुख भाग घेतला, आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९५३ साली त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्यापैकी कित्येक जण खंडाळ्याला साधनेसाठी गेले असतील. त्याच डोंगरावर हा धर्मगुरू वर्षानुवर्षे चालला, आणि कोणती वनस्पती कोठे, कोणत्या महिन्यात फुलते व फळते याची नोंद करीत राहिला. त्या ग्रंथात स्तवनाचे शब्द शोधू नयेत. पाने, देठ, केसर, महिने आहेत. तो ग्रंथ वाचताना मला माडगूळकरांच्या शैलीची आठवण होते. दोघांनीही स्वतःला पानाच्या बाहेर ठेवले.

सांतापाव यांनी कारवीच्या सामूहिक फुलण्यावरही लिहिले. कारवी हे झुडूप आपल्या मुलखातले. तिच्या काठ्यांच्या कुडाला माती लिंपून डोंगरपट्टीतल्या घरांच्या भिंती उभ्या राहत. मुंबईच्या आसपास ती सात वर्षे नुसती हिरवी वाढते, आठव्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस उतारच्या उतार जांभळे करते, आणि फळे धरून मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ साली फुलली. तेव्हा वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली, गर्दी लोटली. पुढच्या फुलण्यापर्यंतच्या हिरव्या वर्षांतली कारवी पाहायला कोणी जात नाही. दुर्गाबाई असत्या तर गेल्या असत्या.

वसईच्या हरित पट्ट्यासाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीस जे आंदोलन झाले, त्याची धुरा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वाहिली. साहित्य आणि भूमी यांचा संबंध आपल्या समाजाने तेव्हा रस्त्यावर उतरून सिद्ध केला. पण ते आंदोलन मुख्यतः वाडीचे होते: विहीर, केळ, पानवेल, फुलशेती. वाडीतल्या प्रत्येक गोष्टीला आपल्या बोलींत शब्द आहे. केळीच्या घडापासून पाटाच्या पाण्यापर्यंत कोणतीही आजी ते घडाघडा सांगेल. महामार्गापलीकडचा तुंगारेश्वरचा डोंगर, २००३ पासून अभयारण्य असलेला, आपल्या साहित्यात जवळजवळ नाहीच. असला तर क्षितिजावरची निळी रेघ म्हणून. त्या रानाची भाषा आपल्यापाशी नाही, हे आपल्या निसर्गलेखनाच्या साचेबंदपणाचे एक साधे, अलंकाररहित कारण आहे. ज्या वस्तूसाठी शब्द नाही तिच्या जागी धडा येऊन बसतो.

चितमपल्लींना शब्द मिळाले ते गोंडांच्या आणि ढिवरांच्या मागे चालून. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी वारल्यांचे, मल्हार कोळ्यांचे, कातकऱ्यांचे पाडे आहेत. त्यांतली काही माणसे आपल्या वाड्यांत कामाला येतात, आपल्या ओट्यावर बसून चहा पितात, आणि कोणत्या महिन्यात कोणता कंद खणावा, कोणता पक्षी ओरडला की पाऊस किती लांब आहे, हे त्यांना ठाऊक असते. आजवर आपल्यापैकी कोणी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसल्याचे ऐकिवात नाही.